वाताची गोळी आणि वाकडी होणारी बोटं

आमच्या आक्काच्या हातची भाकरी साऱ्या वस्तीला ठाऊक होती. भीमजयंतीला विहारात जेवण असलं की शंभर भाकऱ्या एकटी थापायची. त्याच आक्काने एका सकाळी परातीत पीठ तसंच ठेवलं आणि मला म्हणाली, "अगं, उठल्या उठल्या हात माझे नसल्यागत वाटतात. हंड्याला पकड येत नाही. दहा वाजले की जरा मोकळे होतात."

मी तिची धाकटी बहीण. पेशाने परिचारिका. तेव्हा नोकरीत होते. आणि मी तिला काय सांगितलं? "चार घरची भांडी घासतेस, दिवसभर हात पाण्यात असतात. वय झालं. कॅल्शियमच्या गोळ्या घे." आक्काचं वय तेव्हा एकेचाळीस होतं. एकेचाळीस हे काही हात निकामी व्हायचं वय नव्हे. पण आपल्याकडे बाई चाळिशीला आली की तिच्या प्रत्येक दुखण्याला 'वय झालं' आणि 'वात आहे' हे दोनच शब्द लागतात. मीही तेच लावले. आज हा लेख लिहिते आहे तो त्या चुकीची परतफेड म्हणून.

पुढचं तुमच्याही घरात घडलेलं असेल. आक्का गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. त्याने कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून दिल्या. तीन दिवसांत हात मोकळे झाले. आक्का खूश, दाजी खूश. पुडी संपली की दुखणं परत, की परत पुडी. असं अडीच वर्षं चाललं. तोंड गोल झालं, शेजारणी म्हणाल्या, "तब्येत सुधारली." मग साखर निघाली, ब्लडप्रेशर निघालं. आणि एवढं होऊनही बोटं मात्र हळूहळू करंगळीच्या बाजूला वळत गेली. एकदा दाजींचं काम सुटलं, पुडीला पैसे नव्हते म्हणून ती एकदम बंद झाली. चौथ्या दिवशी आक्का उलट्या करून चक्कर येऊन पडली. सरकारी रुग्णालयात दाखल केलं तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी तिचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला. आजाराचं नाव कळलं: रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत आमवात. दुखणं सुरू होऊन तोवर तीन वर्षं होत आली होती.

हा 'वात' नक्की काय आहे?

आपण सांध्यांच्या सगळ्या दुखण्यांना एकच शब्द वापरतो, तिथूनच घोटाळा सुरू होतो. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे धरतात, तेही वेगळं. युरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा रात्रीत लालबुंद होतो, ते आणखी वेगळं. आमवात या सगळ्यांहून निराळा आहे.

आपल्या रक्तात जंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. वस्तीचा राखणदार जसा चोरावर काठी उगारतो तशी ती जंतूंवर धावून जाते. पण काही माणसांत हा राखणदार घरच्याच माणसाला चोर समजतो. तो सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर हल्ला करतो. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. अशा आजारांना ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेले आजार म्हणतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. आक्काच्या ताटात जेवल्याने कोणाला होत नाही. करणीने होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच नाही.

तो होतो का? काही अंशी रक्तातून आलेली प्रवृत्ती असते, विडी-सिगारेटने धोका वाढतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीनपट जास्त होतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. तिथे चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या साधारण अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. त्यात आमवाताचे रुग्ण दर दोनशे माणसांत एक. हा हिशेब आपल्या वस्तीला लावून बघा. हजार मोठी माणसं राहतात तिथे पाच घरांत हा आजार असू शकतो. त्या पाच जणी कोण, हे आपल्याला माहीत आहे का?

ओळखायचं कसं?

त्यासाठी मोठं शिक्षण लागत नाही. घरातल्या बाईला चार प्रश्न विचारा.

सकाळी उठल्यावर हात-पाय आखडतात का, आणि मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो का? झिजलेला गुडघा चालल्याने दुखतो आणि बसल्याने बरा वाटतो. आमवातात उलट असतं. विश्रांतीनंतर सांधे धरतात, काम सुरू झालं की जरा सैल होतात. म्हणूनच बाई काम करताना दिसते आणि घरच्यांना वाटतं, हिला काही झालेलं नाही.

हाताच्या बोटांच्या मुळाशी, मनगटाला, पायाच्या चवड्याला सूज आहे का? दोन्ही बाजूंना सारखी आहे का? शेकहँड केल्यासारखा हात हलकेच दाबला तर कळ येते का?

हे सहा आठवड्यांहून जास्त दिवस चाललं आहे का?

सोबत थकवा, बारीक ताप, भूक कमी, वजन कमी, असं काही आहे का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं तर मेडिकलवरून गोळी आणू नका. थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीचा केसपेपर काढा आणि तिथे संधिवाताचा खास डॉक्टर, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, कोणत्या वारी बसतो ते विचारा. रक्ताच्या तपासण्या होतील: ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी. हाता-पायांचा एक्स-रे निघेल. एक गोष्ट लक्षात ठेवा. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असं होत नाही, आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे आहेच असंही नाही. कागद हातात घेऊन आपणच निकाल लावू नये. सुजलेला सांधा डॉक्टरने हाताने तपासला पाहिजे.

आणि हे लवकर व्हायला हवं. हाड कुरतडणं बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं. पहिल्या तीन-सहा महिन्यांत योग्य औषध चालू झालं तर अनेक जणींचे हात आयुष्यभर सरळ राहतात. एकदा वाकडं झालेलं बोट मात्र कुठलीही गोळी सरळ करत नाही. आक्काचे हात बघून मी हे सांगते आहे.

पुडीतली जादू

त्या पुडीत काय असतं? बऱ्याचदा त्यात एक वेदनाशामक आणि एक स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड हे मुळात वाईट औषध नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांतच ती चालू लागली. जग थक्क झालं. १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्या दोन सहकारी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. औषध थांबवलं की दुखणं परत येत होतं, आणि चालू ठेवलं तर तोंड सुजणं, साखर, ब्लडप्रेशर, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग असं एकामागून एक मागे लागत होतं.

म्हणजे जी गोष्ट डॉक्टरांना सत्तर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, ती आपल्या गल्लीत अजून जादू म्हणून विकली जाते. तज्ज्ञ डॉक्टरसुद्धा कधी सुरुवातीला थोडे दिवस, कमी मात्रेत स्टिरॉइड देतात. पण ते सांगून देतात, कागदावर लिहून देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. पुडीवाला यातलं काहीच करत नाही. महिनोन्महिने स्टिरॉइड घेतलेल्या माणसाने ते एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं सोडून दिलेलं असतं. आक्का पडली ती यामुळेच. तेव्हा हा लेख वाचून कोणी आजच्या आज पुडी फेकून देऊ नका. पुडी घेऊन रुग्णालयात जा आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा. त्यात लाज कसली?

आपण अंगारे-धुपारे सोडले. भगताच्या दारात जाणं सोडलं. ताईत तोडून टाकले. मग नाव नसलेली, कंपनी नसलेली, तारीख नसलेली सुटी गोळी आपण तोंडात कशी टाकतो? अंगाऱ्यावर विश्वास ठेवणं आणि पुडीवर विश्वास ठेवणं यात फरक तो किती? "डॉक्टर, या गोळीचं नाव लिहून द्या" एवढं एक वाक्य म्हणायला शिकलो तरी पुष्कळ होईल. जो नाव लिहून देत नाही त्याचं औषध घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'वातावर शंभर टक्के गुणकारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णालाही हाच नियम लावा. काही चूर्णांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

खरं औषध, आणि त्याचा वार

आमवात समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. त्यासाठी पहिलं औषध सहसा मेथोट्रेक्सेट. हे औषध मुळात कॅन्सरसाठी बनलं. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते तयार करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, गरिबीतून शिकून गेलेले. पुढे कळलं की अगदी थोड्या मात्रेत ते आमवातावरही चालतं, आणि १९८० नंतरच्या काळात ते या आजाराचं मुख्य औषध बनलं.

आता हे नीट वाचा, कारण यात जीव जातो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चिठ्ठी इंग्रजीत, अक्षर लागत नाही, मेडिकलवाला घाईत सांगतो, 'रोज एक'. तशी रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या. त्या पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: 'फक्त रविवार'. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी खूण करा. आक्काच्या घरी हे काम तिचा नातू करतो. दुसरीत आहे, पण कधी चुकला नाही.

सोबत फॉलिक अॅसिडची गोळी देतात, ती टाळू नका. ठरलेल्या वेळी रक्ताची आणि लिव्हरची तपासणी करा. हे औषध चालू असताना दारू पूर्ण बंद. ताप, धाप, तोंडात फोड, अंगावर लाल ठिपके दिसले तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांकडे. आणि ज्या तरुण मुलीला मूल हवं आहे तिने आधी डॉक्टरांना सांगावं, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. त्या काळात चालणारी दुसरी औषधं आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्यातलं एक. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळे तपासत राहायचे.

"इंग्रजी औषध गरम पडतं, किडनी खराब होते," असं आपल्याकडे म्हणतात. धोका आहे, म्हणूनच तपासण्या असतात. पण खरा प्रश्न असा आहे की औषध न घेण्याचा धोका किती? वाकडी बोटं, गेलेलं काम, आणि वर्षानुवर्षं सुजत राहिलेल्या शरीरात हृदयविकाराचाही वाढलेला धोका. आणि किडनीला खरा धोका तर आपण न विचारता रोज खातो त्या वेदनाशामक गोळ्यांचा असतो.

ही औषधं कामाला लागायला सहा ते बारा आठवडे लागतात. पुडी तीन दिवसांत आराम देते आणि खरी गोळी दोन-तीन महिने धीर धरायला लावते. इथेच आपली माणसं औषध सोडतात. सोडू नका. खाण्याचंही सांगते. आंबट, वांगं, भात बंद केल्याने आमवात जात नाही. उलट पथ्याच्या नावाखाली डाळ, अंडी, मासळी बंद होते आणि आधीच रक्त कमी असलेली बाई आणखी खंगते. घरात शिजतं ते सगळं खावं, पोटभर खावं. सूज उतरली की हातांचा व्यायाम करावा.

याच घराण्यातली दोन दुखणी

मुलांच्या आयांनी हे वाचावं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून गेला, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एकदा गुडघा, मग घोटा, मग कोपर असे मोठे सांधे सुजू लागले, तर त्याला 'वाढीचं दुखणं' म्हणू नका. हा संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीवर असू शकतो. घशातल्या जंतूशी लढता लढता प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडपा कायमच्या बिघडू शकतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं झोपतात तिथे हा जंतू सहज पसरतो, म्हणून हा गरिबांच्या घरचा आजार आहे. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. एकही चुकवू नये.

दुसरं ल्युपस. तरुण मुलीच्या गालांवर आणि नाकावर लाल चट्टे, उन्हात वाढणारे, तोंडात फोड, केस गळणं, सांधेदुखी, पायांवर सूज. हा आजार किडनीपर्यंत जातो. अशा मुलीला उजळायचं क्रीम लावू नका. लघवीची आणि एएनएची तपासणी करून घ्या.

दुखणं एकीचं, काम साऱ्यांचं

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. आक्काला उशीर का झाला? मी आळस केला म्हणून, पुडीवाल्याने फसवलं म्हणून, हे आहेच. पण रुग्णालयाची ओपीडी सकाळी असते. केसपेपरच्या रांगेत गेलं की त्या दिवसाचा खाडा. महिन्यातून दोनदा खाडा झाला तर मालकीण दुसरी बाई बघते. आक्काने पुडी निवडली ती अडाणीपणाने नव्हे. तिच्या हिशेबात दुसरं काही बसत नव्हतं.

म्हणून मागणी आपण केली पाहिजे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन्ही औषधं केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मग ती वस्तीजवळच्या दवाखान्यात का मागू नयेत? एकदा रुग्णालयाने औषध ठरवून दिलं की दर महिन्याची गोळी आणि रक्ताची तपासणी जवळच, संध्याकाळी व्हावी. चिठ्ठीवर वार मराठीत लिहिलेला असावा. नगरसेवकाकडे गटाराचा अर्ज घेऊन जातो तसा हा अर्जही घेऊन जाऊ. तोवर जनऔषधी केंद्रात स्वस्त औषधाची चौकशी करा.

आणि घरातल्या पुरुषांना एक सांगणं. सकाळी नळ येतो तेव्हाच तिचे हात आखडलेले असतात. त्या वेळी हंडा तुम्ही उचला. पीठ तुम्ही मळा. पिळायचे कपडे मुलाकडे द्या. समतेची भाषा विहारात बोलायची आणि सुजलेल्या हातांनी तिने धुणं पिळायचं, हे जुळत नाही. दाजी आता भाकरी थापतात. पहिल्यांदा नकाशे झाले, आता गोल होतात.

महिला मंडळाला माझी सूचना आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर पंधरा मिनिटं थांबा. वर दिलेले चार प्रश्न मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीला मूठ वळून दाखवायला सांगा. जिची मूठ मिटत नाही तिला एकटीला पाठवू नका. एक जण तिच्याबरोबर रुग्णालयात जा, एक जण तिच्या कामावर बदली जा, म्हणजे खाडा पडणार नाही. आपल्या बचत गटांना एवढं सहज जमेल.

आक्काचा आजार आता चार वर्षं आटोक्यात आहे. दुखत नाही, सूज नाही, साखर पुष्कळ उतरली. पण बोटं वळली ती वळलीच. परवा ती माझ्या घरी आली. समोरच्या खोलीतली तरुण सून पाण्याची कळशी दोन्ही मनगटांवर तोलून आणत होती. आक्काने तिला थांबवलं, तिचा हात स्वतःच्या वाकड्या हातात घेतला आणि विचारलं, "पोरी, सकाळी किती वेळ आखडतात गं?"

मला जे सुचायला हवं होतं ते तिने विचारलं. तुम्हीही विचारा.

जय भीम!